रशियन विभागाचं सुतक

बान मिओक यांना कुणाकडे काही मागता येत नसे. बाजारात हातातली पिशवी ओसंडायला लागली तरी दुसरी मागण्याऐवजी त्या कांद्याची पात काखेत धरून घरी येत. शिकवताना मात्र त्यांचं तोंड सुटलं की सुटलं. "तुझा हा उच्चार ऐकून मॉस्कोतलं कुत्रंसुद्धा मान वळवायचं नाही," असं पहिल्या वर्षाच्या पोराला भर वर्गात ऐकवत, आणि सगळे गेल्यावर त्याच पोराला समोर बसवून तोच शब्द त्याच्या जिभेवर चढेपर्यंत घोटून घेत. पोरं आपल्याला घाबरत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार होती.

कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका शहरातल्या विद्यापीठात त्या रशियन शिकवायच्या. ही भाषा त्यांनी काही फार विचार करून निवडली नव्हती. इंग्रजीला गुण कमी पडले आणि रशियनला जागा शिल्लक होत्या, एवढंच. त्या वेळी रशिया म्हणजे शत्रूचा देश. मिओकबाईंच्या वडिलांचं धुलाईचं दुकान होतं आणि त्यांची निम्मी गिऱ्हाइकं पोलीस. पोलिसांच्या वर्दीवर इस्त्री फिरवता फिरवता, 'पोरगी काय शिकते?' या प्रश्नाला ते चार वर्षं 'शिवणकाम' असं उत्तर देत राहिले. पुढे दोन्ही देशांचं जमलं, बंदरात रशियन बोटी लागायला लागल्या, दुभाषे मिळेनासे झाले. मग तेच वडील गिऱ्हाइकाला दारात अडवून सांगायला लागले, "आमची मिओक मॉस्कोला आहे. रशियन अशी बोलते की विचारू नका!" विचारून त्यांना तरी काय कळणार होतं म्हणा.

मॉस्कोत पहिल्याच हिवाळ्यात पावाच्या रांगेत एक अनोळखी म्हातारी मिओकबाईंवर खेकसली. या थंडीत टोपी न घालता उभी राहतेस, आईबापांनी काही शिकवलं की नाही, मेंदू गोठला म्हणजे कोण करून घेईल तुला, असं बरंच काही. मिओकबाईंना त्यातला शब्द न् शब्द कळला आणि त्यांना रडू फुटलं. अपमान झाला म्हणून नव्हे. परक्या भाषेत कुणी आपल्याला रागावलं आणि ते आपल्याला लागलं, म्हणजे ती भाषा आता परकी राहिली नाही, हे त्यांना रांगेत उभ्या उभ्या कळलं. भाषा का शिकायची, याचं त्यांच्यापाशी असलेलं उत्तर एवढंच होतं. अडचण अशी, की हे उत्तर कुठल्याही समितीपुढे देता येत नाही.

आणि समितीची वेळ आलीच. रशियनचे भरभराटीचे दिवस केव्हाच सरले होते. देशात मुळात पोरंच कमी जन्माला येत होती, आणि जी येत होती त्यांना आईबाप संगणकाला नाहीतर नर्सिंगला घालत होते. विभागातले एक प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. दुसरे सोलला निघून गेले. उरल्या मिओकबाई, तासावर येणारे दोन शिक्षक आणि खिडकीतली एक कुंडी. त्या वसंतात वरून फर्मान आलं: ज्या विभागांना विद्यार्थी मिळत नाहीत आणि ज्यांच्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळत नाहीत, त्यांची पुढच्या वर्षापासून भरती बंद. पहिला नंबर रशियनचा. निर्णय विद्यापीठाची परिषद घेणार होती, आणि परिषद डीनच्या शिफारशीबाहेर सहसा जात नसे.

डीन होते यांग गी-होन. यांग सर मूळचे जर्मनचे. ते आणि मिओकबाई एकाच वर्षी नोकरीला लागले होते, आणि कितीतरी वर्षं दुपारी मागच्या फाटकाबाहेरच्या खानावळीत एकाच टेबलावर गरम सूप-भात खात, कुणाची भाषा पोरांना जास्त छळते यावर भांडत आले होते. मग जर्मन आणि फ्रेंच हे दोन विभाग मोडून त्यांचा एक 'जागतिक संस्कृती आशय विभाग' झाला. या नावाचा अर्थ तिथे शिकणाऱ्या पोरांनाही धड सांगता येत नसे. जर्मन बंद करण्याच्या कागदावर सही यांग सरांनीच केली. कुणीतरी करायचीच होती. पुढच्या वर्षी त्यांना डीन केलं, आणि दोघांची ती जेवणं थांबली.

समितीपुढे मिओकबाईंनी रंगीत तक्ते दाखवले. मालवाहू जहाजं, औषध कंपन्या, सायबेरियातला नैसर्गिक वायू. आपल्या आईचा घरात नेमका उपयोग काय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटवून द्यावं तसं त्यांना सारखं वाटत राहिलं. एका तरुण सदस्याने अगदी अदबीने विचारलं, "पण मॅडम, आता भाषांतर तर फोनच करतो. मग चार वर्षं कशाला घालवायची?" मिओकबाईंनी पुढचा तक्ता लावला.

बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये यांग सर भेटले.

"चांगलं झालं तुमचं," ते म्हणाले.

"खोटं बोलू नका, सर. तुम्हाला जमत नाही."

"तक्ते चांगले होते, असं म्हणत होतो."

"शिफारस काय लिहिणार आहात?"

यांग सरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या हातात असतं, तर..."

"तुमच्याच हातात आहे."

लिफ्टचं दार उघडलं तसे यांग सर घाईने बाहेर पडले. तो त्यांचा मजला नव्हता.

विद्यार्थ्यांनी मात्र हातावर हात ठेवून बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांची पुढारी होती सोदाम, शेवटच्या वर्षाची, आवाजाने खणखणीत आणि परीक्षेत जेमतेम. तिचं म्हणणं, मुंडण करायचं. भर चौकात, कॅमेऱ्यांसमोर. आपल्याकडे हक्कासाठी डोकं भादरून घेतल्याशिवाय कुणी वळून बघत नाही, आणि पोरीने भादरलं तर नक्कीच बघतात.

"खबरदार!" मिओकबाई म्हणाल्या. "तुझे केस तुझ्या आईने वाढवलेत, माझ्या विभागाने नाही."

"मग पुष्पचक्रं लावू, मॅडम. विभागाची अंत्ययात्रा. काळी फीत, फोटो, उदबत्ती, सगळं. दोन गल्ल्यांपलीकडे अंत्यविधीचं सामान भाड्याने मिळतं."

"अगं, जिवंत माणसाच्या फोटोला काळी फीत लावतेस?"

"जिवंत आहे हे कुणाला दिसतंय का, मॅडम?"

मिओकबाई नको म्हणाल्या, पण तोंडदेखलं. सोदामने ते होय धरून घेतलं.

बुधवारी दुपारी इमारतीच्या पायऱ्यांपुढे माणसापेक्षा उंच, तीन पायांवरची पांढऱ्या शेवंतीची पुष्पचक्रं रांगेने उभी राहिली. मध्ये पांढऱ्या कापडाचं टेबल, उदबत्तीचं भांडं आणि काळी फीत लावलेली चौकट. चौकटीत फोटो कशाचा लावायचा, यावर बराच घोळ झाला. विभागाचा मेला फोटो असतो का कुठे? शेवटी विभागाच्या दारावरच्या पाटीचा एक जुना फोटो सापडला. पण त्यात पाटीला टेकून, हसत, मिओकबाई उभ्या होत्या. सोदामने तोडगा काढला. बाईंच्या चेहऱ्यावर एक शेवंतीचं फूल चिकटवलं आणि हात झटकले. उन्हं कलता कलता वारा सुटला. फूल खाली पडलं, आणि काळ्या फितीतून मिओकबाई सगळ्या विद्यापीठाकडे बघून हसत होत्या.

या सगळ्या गडबडीत बुधवारची वस्तीवरची फेरी राहून गेली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाबाहेर, खानावळींच्या पलीकडे, कोर्यो-सारामांची वस्ती होती. ही माणसं रक्ताने कोरियनच. त्यांचे आजे-पणजे भुकेपायी सीमा ओलांडून रशियाच्या पूर्व टोकाला गेले, तिथून सरकारने त्यांना आगगाड्यांत भरून उझबेकिस्तान-कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकलं, आणि आता त्यांची नातवंडं कारखान्यांत कामाला परत आली होती. येताना म्हाताऱ्यांनाही घेऊन आली. म्हाताऱ्यांची कोरियन भात, मीठ, झोप, थंडी एवढ्यापुरती. त्यापुढे काही बोलायचं झालं की रशियन सुरू. मिओकबाई दर बुधवारी पोरांना घेऊन तिथे जात. पोरं दवाखान्यात आणि शाळेच्या पालकसभेत दुभाषी व्हायची, आणि म्हाताऱ्या त्यांचे उच्चार सुधारायच्या. फुकटचे परीक्षक, असं मिओकबाई म्हणत. समितीच्या तक्त्यांत या बुधवारांसाठी रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ते सांगितले नव्हते.

त्या बुधवारी कुणी आलं नाही. इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं. वस्तीतली एक बाई विद्यापीठाच्या भोजनालयात भांडी घासायची. ती संध्याकाळी परतली ती पदर डोळ्यांना लावूनच म्हणा ना. पुष्पचक्रं तिने पाहिली होती, काळी फीत पाहिली होती, आणि चौकटीतून वाऱ्याने उघडा पाडलेला चेहराही पाहिला होता.

गुरुवारी सकाळी परिषदेचे बाहेरगावचे सदस्य यायचे होते. कुलगुरूंच्या कार्यालयातून यांग सरांना फोन आला: ती फुलं आधी हटवा. पाहुण्यांच्या स्वागतासाठी यांग सरांनी काळा सूट, काळा टाय घातला होता. तशाच अवतारात ते पायऱ्या उतरून आले आणि फोटोच्या शेजारी उभे राहून, आवाज चढू न देता सोदामची समजूत घालायला लागले.

"तुमच्या भावना मला कळतात..."

"तुम्हाला कशा कळतील, सर?" सोदाम म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. यांग सरांच्या विभागाचं काय झालं ते तिलाही माहीत होतं.

एवढ्यात मागच्या फाटकाकडून पाच-सहा बायका येताना दिसल्या. डोक्याला काळे रुमाल, हातांत कापडाने बांधलेली पातेली. सगळ्यांत पुढे रिम्मा हेगाय. नव्वदीला टेकलेली, कंबरेत वाकलेली, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लाल फुलं. तिने काठी शेजारणीकडे दिली, फुलं फोटोपुढे ठेवली, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि कपाळ हातांवर ठेवून वाकली. एकदा. मग शेजारणींनी उठवल्यावर पुन्हा एकदा. रीत अशीच आहे: मेलेल्याला दोनदा वाकायचं, आणि मग घरच्या कर्त्याला एकदा. कर्ता म्हणजे फोटोशेजारी काळ्या कपड्यांत उभा असेल तो. रिम्मा आजी यांग सरांकडे वळली आणि वाकली.

यांग सरांचे गुडघे आपोआप दुमडले. लहानपणापासून किती सुतकांत ते असे वाकले असतील! डोक्याला कळायच्या आत शरीर वाकतं. विद्यापीठाचे डीन फरसबंदीवर गुडघे टेकून नव्वदीच्या एका म्हातारीला नमस्कार करत होते, आणि त्यांना बघून गोंधळलेली सोदामही वाकली.

आजीने उठून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. यांग सरांना एक अक्षर कळलं नाही. सुतकाच्या घरी आलेल्याला जसं कळो न कळो मान डोलावून उत्तर देतात, तशी त्यांनी मान डोलावली. बायकांनी एकदम गळा काढला.

वरच्या मजल्यावर मिओकबाईंनी ते रडणं ऐकलं. रडणंही रशियनच होतं. त्या धावत खाली आल्या. शेवटच्या पायरीवर त्यांना आधी फुलं दिसली. लाल कार्नेशन, चार. रशियात जिवंत माणसाला फुलं विषम देतात आणि मेलेल्याला सम, हे त्या दर वर्षी पहिल्या वर्गाला सांगत आल्या होत्या. आज ती सम फुलं आपल्यासाठीच आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे पाय जागीच थांबले.

एका बाईने त्यांना पाहिलं आणि हातातलं पातेलं सोडता सोडता वाचवलं. रडणं थांबलं. रिम्मा आजी काठी टेकत पुढे आली, मान वर करून तिने मिओकबाईंचा चेहरा नीट पाहिला, आणि दंडाला असा चिमटा काढला की बाई कळवळल्या.

"जिवंत आहेस?"

"आहे, आजी."

"मग हा काय चावटपणा? काल रात्रभर रडले मी तुझ्यासाठी. डोळ्यांत औषध घातलं होतं, ते सगळं वाहून गेलं. आणि हा तुझा मुलगा..."

"मुलगा नाही, आजी. हे डीन आहेत."

"मी विचारलं, मुलगा का तिचा, तर हो म्हणाला की!" आजीने यांग सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि मुलगा नाही तर वाकला कशाला?"

मिओकबाईंनी भाषांतर केलं. यांग सरांचे कान लाल झाले. पोरं खाली बघून हसायला लागली होती, सोदामने त्यांना डोळ्यांनी दटावलं.

"मग मेलं कोण?" आजीने विचारलं.

"त्यांना सांगा," यांग सर कपडे झटकत म्हणाले, "उगाच घाबरवू नका म्हाताऱ्या माणसाला. कुणीही मेलेलं नाही. एक विभाग बंद होणार आहे, बस्स. माणसं सगळी होती तिथेच राहतील. फक्त इथे रशियन शिकवणार नाहीत."

मिओकबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज सपाट होता. दुभाष्याचा आवाज असाच असावा, असं त्या पोरांना शिकवत. आजीने सगळं ऐकून घेतलं. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली, तिच्यावर ती बसली, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून यांग सरांशी बोलायला लागली. रागावून नाही, अगदी घरातल्या घरात बोलावं तसं. ती एक वाक्य बोले आणि थांबे, मिओकबाई ते कोरियनमध्ये सांगत.

"आमच्या गावातही कुणी मेलं नव्हतं, बाळा. मी दुसरीत होते. उझबेकिस्तानात, कापसाच्या गावात. आमचे मास्तर आम्हाला कोरियन शिकवायचे. माझं अक्षर चांगलं होतं. एक दिवस वरून सांगून आलं, उद्यापासून शाळेत ही भाषा नाही. आम्हाला काय, आम्ही पोरं, आम्हाला आनंदच झाला. एक विषय कमी! मास्तर कुठे गेले नाहीत, तिथेच राहिले, आमच्या आईबरोबर कापूस वेचायला लागले. माणसं सगळी होती तिथेच होती."

ती थांबली. मिओकबाईंचं भाषांतर संपेपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली:

"म्हणून तर आज मी आपल्याच माणसाशी, माझ्या आजोबांच्या देशात बसून, परक्या भाषेत बोलतेय. आणि मधे हिला उभं करावं लागतंय."

अजून एक वाक्य जोडायची मिओकबाईंना फार इच्छा झाली. 'म्हणून सर, कृपा करून विभाग राहू द्या,' एवढंच. कुणाला कळणार होतं? आजीला कोरियन धड येत नव्हती आणि यांग सरांना रशियन. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडे काही मागावंसं वाटलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून मागायची सोय होती. पण आजीने ते म्हटलं नव्हतं. मिओकबाईंनी आजीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यातला 'हिला' हा शब्दही तसाच ठेवला.

यांग सरांच्या खिशात फोन वाजायला लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"बरं," आजी म्हणाली, "स्वयंपाक करून आणलाय. मेलं असो नसो, सुतकाचं अन्न परत घरी नेत नाहीत. बसा सगळे."

हे भाषांतर करायची गरजच पडली नाही. पातेल्यांची कापडं सुटली होती. गाजराची झणझणीत कोशिंबीर, थंड रश्श्यातल्या शेवया, मांडे असावेत तसे मोठे गोल पाव. पोरांनी पुष्पचक्रांमध्ये चटया अंथरल्या. कोरियात सुतकाच्या घरी जेवायला नाही म्हणत नाहीत. यांग सर बूट काढून चटईवर बसले. एका बाईने त्यांच्या वाटीत शेवया वाढल्या, त्या संपायच्या आत पुन्हा वाढल्या. मिओकबाई त्यांच्या शेजारी बसल्या. किती वर्षांनी दोघं एकत्र जेवत होते, ते दोघांनाही माहीत होतं, पण कुणी काढलं नाही.

फोन तिसऱ्यांदा वाजला. यांग सरांनी तो बंद करून बुटात टाकला.

"पाहुणे खोळंबले असतील," मिओकबाई म्हणाल्या.

"असू देत." यांग सर वाटीत बघत म्हणाले, "आमचं जर्मन बंद झालं ना, मॅडम, तेव्हा कुणी रडलं नाही. मी सही केली, पेन खिशात ठेवलं आणि वर्गावर गेलो. कुणी वाटीभर सूपसुद्धा आणलं नाही."

या माणसावर मिओकबाई इतकी वर्षं मनातून चिडून होत्या, आणि त्याच्या विभागाच्या सुतकाला आपणही गेलो नव्हतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकाच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर. "मी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"शेवया छान आहेत," यांग सर म्हणाले.

शुक्रवारी परिषद लांबत गेली. संध्याकाळी यांग सर स्वतः जिना चढून मिओकबाईंच्या खोलीत आले. खुर्चीवर बसले नाहीत, खिडकीतल्या कुंडीपाशी जाऊन उभे राहिले.

"बंद करायची शिफारस मी मागे घेतली," ते म्हणाले.

मिओकबाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"फार खूश होऊ नका. लोक चिडले. एकजण म्हणाला, डीनच असं करायला लागले तर कसं व्हायचं. भांडून भांडून एक वर्ष मिळालंय. जागा निम्म्या. पुढच्या वसंतात पुन्हा हेच सगळं."

"आणि तुम्ही?"

"मला पुढच्या वर्षी डीन ठेवतील असं वाटत नाही."

"मग दुपारी जेवायला मोकळे असाल," मिओकबाई म्हणाल्या. यांग सर हसले, आणि जाताना दार नीट लावून गेले.

मिओकबाईंना आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. एक वर्ष. म्हणजे पुन्हा तक्ते, पुन्हा जहाजं आणि नैसर्गिक वायू, पुन्हा तो अदबशीर तरुण आणि त्याचा फोन. निम्म्या जागांवर पोरं आली नाहीत तर समिती म्हणणार, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं? इतकी वर्षं जे काम करत आलो ते आता दर वसंतात झोळी घेऊन मागायचं. एखाद्याला एकदाच काय ते जाऊ द्यावं, असं हालहाल करून का जगवावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या सोदामला घेऊन मागच्या फाटकाबाहेर निघाल्या. आजीला सांगणं भाग होतं.

रिम्मा आजी ओट्यापाशी स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"हं, काय झालं तुझ्या मयताचं? जगलं की गेलं?"

"एक वर्ष दिलंय, आजी," मिओकबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि या वेळी तो सपाट ठेवायची त्यांनी धडपडही केली नाही. "एकच वर्ष."

आजीने सुरी थांबवली आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग रडतेस काय? तुमचा तो हृदयाचा डॉक्टर मलाही एकच वर्ष देतो. पहिल्यांदा दिलं तेव्हा ही सोदाम नवीन होती, तिला 'हृदय' म्हणता येत नव्हतं. छातीवर हात मारून दाखवत होती वेडी. दर वर्षी ही मला घेऊन जाते, तो तेवढंच देतो, ही मला तेवढंच सांगते, आणि आम्ही दोघी घरी येतो." तिने दुसरी सुरी मिओकबाईंपुढे सरकवली. "बस. वर्षभराचे बटाटे सोलायचेत."